उतारावरचे वळण

गेल्या चैत्रातली गोष्ट. जबलपूरला उन्हाचा चटका बसू लागला होता, आणि नेमका त्याच वेळी बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत येण्याच्या खेळासंबंधीचा एक लेख अनुवादासाठी माझ्या मेजावर येऊन पडला. बर्फ मी आजवर पाहिला तो रसवंतीच्या गाड्यावरच. तरी बी. ए.ला घेतलेल्या संस्कृतच्या भरवशावर 'तिर्यक् गती', 'समांतर भ्रमण' असे भारदस्त शब्द योजून मी पहिली चार पाने संपविली. 'कार्व्हिंग' या शब्दावर साऱ्या लेखाचा भार होता. त्याला 'उत्कीर्ण वळण' असे नाव देऊन मी स्वतःवर खूष झाले.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ सुटीवर घरी आला. तो सैन्याच्या सिग्नल्स विभागात आहे, आणि हिवाळ्यात त्याला शिक्षणासाठी गुलमर्गला पाठविले होते. तेथे १९४८ साली सैन्याने स्की शिकविण्याची शाळा काढली; तिचीच आज उंच पर्वतप्रदेशातील युद्धाचे शिक्षण देणारी मोठी संस्था झाली आहे. तो तेथे गेल्यापासून आईने वर्तमानपत्र उघडले नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये याच संस्थेचे जवान गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला हिमलोटात सापडले आणि त्यांतील डझनाहून अधिक दगावले, ती बातमी तिच्या मनातून गेलेली नव्हती.

भावाने माझी पाने वाचली. "ताई, भाषा सुरेख आहे. पण हे वाचून कोणी उतरू लागला, तर पहिल्याच वळणावर पडेल."

मग माझ्या दोन फूटपट्ट्या उचलून त्याने जमिनीवर मांडल्या. नवशिक्याला प्रथम शिकवितात ती पाचर: स्कीची पुढची टोके जवळ, मागची दूर, आणि आतल्या कडा बर्फात रोवलेल्या. वेग आवरतो खरा, पण तो मांड्यांच्या बळावर. ऑस्ट्रियातील माथियास त्स्डार्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक स्की फाकवून वळण्याची रीत शिस्तीत बसविली. हानेस श्नायडर यांनी पुढे आर्लबर्ग प्रदेशात तिला वेग दिला. नंतर दोन्ही स्की समांतर ठेवून वळणे रूढ झाले. नॉर्वेतील टेलेमार्क भागाची रीत याहून जुनी. तीत टाच मोकळी असते आणि वळताना एक गुडघा टेकल्यासारखा खाली येतो. भावाच्या मते ती दिसायला सर्वांत देखणी आणि गुडघ्यांना सर्वांत महाग!

"पण खरा भेद पाय जवळ की दूर यात नाही," तो म्हणाला. "स्की बर्फावर आडवी घासत जाते, की आपल्या लांबीच्या रेषेत धावते, यात आहे."

आई जवळच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी करीत विळीवर बसली होती. इतका वेळ ती काही बोलली नव्हती. "म्हणजे एक खवणं आणि एक कापणं," ती म्हणाली, आणि तिने आधी विळीच्या टोकाच्या खवणीला व मग पात्याला बोट लावले. खवणी खोबरे ओरबाडून काढते. पात्यावर कैरी पुढे सरकविली की ती मुकाट्याने दुभंगते.

भाऊ क्षणभर तिच्याकडे पाहातच राहिला. मग त्याने मला पुढचे सांगितले. स्कीची कंबर दोन्ही टोकांपेक्षा बारीक असते. १९९० नंतरच्या दशकात ती आणखी बारीक झाली. अशी स्की कडेवर कलती करून तिच्यावर भार दिला की ती धनुष्यासारखी वाकते आणि त्या बाकाच्या वाटेने वळते. मागे दोन बारीक रेघा उरतात. घासत्या वळणामागे मात्र केरसुणी फिरविल्यासारखा रुंद पट्टा पडतो. वेगातली शक्ती बर्फ लोटण्यात खर्च होते आणि पायही दमतात.

"मग वेग कसा आवरायचा?" आईने विचारले. मला हा प्रश्न सुचला नव्हता.

"वळण अर्धवट सोडायचं नाही. स्की उताराला पुरती आडवी होईपर्यंत, थोडी चढाकडे तोंड करीपर्यंत वळत राहायचं. मग ब्रेक डोंगरच लावतो." मला मदनमहालची टेकडी आठवली. तेथून सायकल उतरविताना हा ब्रेक न दाबता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी येई, आणि त्याबद्दल माझी बोलणी खाई.

अडचण भीतीची असते, असे तो म्हणाला. ती माणसाला डोंगराच्या बाजूला झुकविते. तसे झुकले की वळणाच्या बाहेरच्या स्कीवरचा भार जातो आणि ती निसटते. भार नेमका तिच्यावरच हवा. पाठीवर ओझे असते, हवा विरळ असते, आणि दिवसाच्या शेवटी मांड्या थरथरू लागल्या की चांगले चांगले पडतात.

"आणि एकदम थांबायचं झालं तर?"

"तेव्हा खवावंच लागतं, आई. अरुंद घळीत कापत गेलं तर वेग हाताबाहेर जातो. दोन्ही यायला हवं."

आईने कैरी खाली ठेवली. "आणि वरून बर्फच कोसळलं तर?"

तो लगेच बोलला नाही. "त्याला वळण नाही," तो अखेर म्हणाला. "कोणत्या उतारावर पाऊल टाकायचंच नाही, ते आधी पाहावं लागतं. तेही शिकवतात." आईने मान हलविली आणि कैरी पुन्हा हातात घेतली.

ती चार पाने मी फाडून नव्याने लिहिली. वरिष्ठांनी 'कापते वळण' मोठ्या आनंदाने ठेविले. 'खवते वळण' मात्र फारच स्वयंपाकघरातले म्हणून तेथे 'घसरते' केले. मी काही बोलले नाही. अंक घरी नेला तेव्हा त्या शब्दावर पेन्सिलीने रेघ मारून आईचा शब्द लिहिला आणि तोच अंक भावाला टपालाने पाठविला.