बेडपॅनमधलं पेनिसिलिन

ऑक्सफर्डला गेलेला आपला माणूस काय बघतो? कॉलेजं, हॅरी पॉटरचं शूटिंग झालेला जिना, वेळ उरला तर ब्लॅकवेल्समधली पुस्तकं. मी गेले ते एक भांडं बघायला.

ट्रेन लंडनच्या पॅडिंग्टनहून. स्टेशनला खेटून सेंट मेरीज हॉस्पिटल आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला ती फेमस बुरशी दिसली ती इथेच. आपल्या शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथेच संपायची. पण त्या बुरशीचं औषध व्हायला अजून बारा-तेरा वर्षं गेली, आणि ते झालं तासाभरावरच्या ऑक्सफर्डमध्ये.

ब्रॉड स्ट्रीटवरच्या हिस्ट्री ऑफ सायन्स म्युझियममध्ये ते भांडं भेटतं. चिनी मातीचं, चपटं, एका बाजूला तोटी. महायुद्धामुळे सामानाची बोंब होती. नॉर्मन हीटली हा बायोकेमिस्ट म्हणजे पक्का जुगाडू! बुरशी वाढवायला त्याने बिस्किटांचे डबे वापरले, हॉस्पिटलचे बेडपॅनही. बेडपॅन बेस्ट ठरले, मग तसल्याच घाटाची शेकडो भांडी बनवून घेतली. ती सांभाळायला सहा मुली, 'पेनिसिलिन गर्ल्स'. पगार आठवड्याला दोन पौंड.

तिथून चालत वुडस्टॉक रोड. रॅडक्लिफ इन्फर्मरी हे हॉस्पिटल २००७ मध्ये बंद झालं, नंतर तिथे फिलॉसॉफी शिकवायला लागले. १२ फेब्रुवारी १९४१ ला इथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पहिलं इंजेक्शन दिलं. इन्फेक्शनने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. दिवसभरातच उतार पडायला लागला. पण स्टॉक केवढा? त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा त्यालाच टोचत होते. तेही संपलं. १५ मार्चला तो गेला. बाहेर बाकावर बराच वेळ बसून राहिले मी.

शेवटचा स्टॉप, बोटॅनिक गार्डनच्या दाराशी असलेली गुलाबांची बाग. १९५३ मध्ये पेनिसिलिनवाल्यांच्या सन्मानार्थ केलेली. अलेक्झांडरला गुलाबाचा काटा लागला होता, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. त्याच्या मुलीच्या म्हणण्याप्रमाणे मात्र ती जखम बॉम्बहल्ल्यातली. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेनला मिळालं. हीटलीला ऑक्सफर्डने वैद्यकशास्त्रातली मानद डॉक्टरेट दिली १९९० मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी! बागेतल्या दगडावर त्याचं नाव आहे. त्या सहा मुलींची शोधली, नाहीत.

बागेला तिकीट नाही, म्युझियमलाही नाही. ऑफिसच्या कामाने लंडनला गेलात तर एक शनिवार मोकळा ठेवा.