पाडवा ते लाभपंचमी : नागावची वाडी आणि चौलचे बंदर

दिवाळीचा पाडवा आणि लाभपंचमी यांच्या मध्ये व्यापारी घराला वर्षातले जे तीन-चार मोकळे दिवस मिळतात, ते बहुधा गर्दीतच संपतात. पाडव्याचे वहीपूजन आटोपले की कोणी यात्रेला निघते, कोणी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन गाड्यांच्या रांगेत उभे राहते. मुंबईच्या कापडबाजारात तीन पिढ्या गादी चालवणाऱ्या एका कुटुंबाने मात्र गेल्या दिवाळीत खाडीपलीकडच्या नागावला एक वाडी घेतली. आजोबा-आजी, मुलगा-सून, दोन नातू आणि एक नात असा सात माणसांचा गोतावळा होता. सहलीपेक्षा मोठे एक कारणही बरोबर होते. गादी विकून भिवंडीच्या गुदामातूनच सगळा व्यवहार करावा, असे थोरल्या नातवाचे म्हणणे होते. बाजारात पायरी चढून येणारे गिऱ्हाईक उरले नाही, मागणी फोनवरच येते, हा त्याचा हिशेब. आजोबांना ते मान्य नव्हते. लाभपंचमीला नवी वही उघडण्यापूर्वी काय ते ठरवायचे, एवढेच घरात ठरले होते.

भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीत गाडीसकट बसले की साधारण तासाभरात मांडवा येते. तेथून अलिबाग वीस किलोमीटर आणि पुढे आठ-नऊ किलोमीटरवर नागाव. या वाटेजवळच नवगाव आहे. बेने इस्रायली लोकांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी येथे तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गिऱ्हाईक दारात उभे असतानाही आपल्या नेमासाठी आठवड्यातला एक दिवस धंदा बंद ठेवणे म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

नागावचे घर म्हणजे नारळी-पोफळीच्या सावलीतले कौलारू बैठे घर, मागे विहीर आणि पाच मिनिटांवर समुद्र. अशा ठिकाणी आपल्या घरच्यांची पहिली चिंता स्वयंपाकघराची असते. सूनबाईंनी आठ दिवस आधीच वाडीच्या मालकीणबाईंशी फोनवर बोलून घेतले होते. कांदा, लसूण, बटाटा नको. पाणी उकळून गाळलेले हवे. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी. या भागाचा लौकिक वालाच्या बिरड्याचा, पण ते मोड आलेल्या वालांचे करतात. मालकीणबाईंनी मोड न आणता नुसत्या भिजवलेल्या वालांची आमटी केली, सोबत केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी आणि बिनलसणीची सोलकढी. आपल्याकडून असे काही होईल याचे त्यांनाच अधिक नवल वाटले. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या वेण्या रस्त्याकडेला टांगलेल्या असतात. आपल्या वाचकांनी त्या पाहाव्यात आणि भावाची चौकशी करून पुढे जावे.

किनाऱ्यावरचा प्रत्येक बेत भरती-ओहोटीच्या तंत्राने चालतो, हे पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला पायी किंवा घोडागाडीने जाता येते. भरती लागली की वाट बुडते. धाकटा नातू फोनवर वेळा शोधू लागला, तेव्हा आजोबांनी विचारले, “उद्या तिथी कोणती?” भाऊबीज, म्हणजे द्वितीया. “दोन पाऊण दीड,” आजोबा म्हणाले. “दीडला पूर्ण भरती. सहा तास मागे जा. साडेसातला ओहोटी.” फोनमधला आकडा दहा-पंधरा मिनिटांनी इकडेतिकडे निघाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे, हा कोकणातला जुना ठोकताळा आहे. पावकी-निमकी-पाऊणकी पाठ असणारी ती पिढी आता थोडीच उरली आहे. नातवाने तेथल्या तेथे पाऊणकी लिहून घेतली. दुकानाचा विषय त्या संध्याकाळी निघाला नाही.

भाऊबीजेला पहाटे सगळे अलिबागच्या पुळणीवर हजर झाले. ओला, टणक वाळूचा पट्टा, मधेमधे घोट्याएवढे पाणी आणि समोर किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, या किल्ल्याचे काम सुरू करवले. संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. तटाजवळ गेल्यावर जे दिसते ते दुरून कळत नाही. मोठमोठे चिरे चुन्याविना, नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते, जोर तेथेच मोडतो आणि ते परत फिरते. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ तट उभा आहे. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधवलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. आजींनी नवकारशीची वेळ होईपर्यंत डबा उघडू दिला नाही. मग पुष्करणीच्या कडेला खाकरा आणि सुकी चटणी निघाली. भाऊबीजेचे ओवाळणेही नातीने तेथेच उरकले. वारा दिवा टिकू देईना, तेव्हा तिने नुसत्या अक्षता लावल्या.

नऊच्या आत परतायचे ठरले होते. तरी धाकटा नातू पलीकडच्या सर्जेकोटाकडे गेला आणि परतताना पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आले. घोडागाडीवाल्याने त्याला आत घेतले आणि बोलणीही ऐकवली. या ठिकाणी अशी माणसे अडकतात आणि पुढची ओहोटी येईपर्यंत किल्ल्यातच बसतात. वाचकांनी हे गमतीवारी नेऊ नये.

परतीच्या वाटेवर अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहिली. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम येथे हलवण्यात आले. इमारतीला लोह नसलेला पोरबंदरी दगड वापरला आहे. आत जायला पूर्वपरवानगी लागते. थोरल्या नातवाला हे उदाहरण आवडले. काम चालू ठेवायचे असेल तर जागा बदलावी लागते, असे तो गाडीत म्हणाला. आजोबा खिडकीबाहेर पाहत राहिले.

तृतीयेचा दिवस दक्षिणेकडचा होता. मुरुडचा जंजिरा या बेतातून वगळला, ते बरेच झाले. सुटीच्या दिवसांत राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीसाठी जो वेळ जातो, त्यात चौल आणि रेवदंडा शांतपणे पाहून होतात. आणि व्यापारी माणसाने पाहावे असे गाव चौलच आहे. त्याआधी आक्षीला क्षणभर थांबणे झाले. तेथील शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हे वर्ष वाचले जाते आणि बरेच अभ्यासक त्याला मराठीतला सर्वांत जुना ज्ञात लेख मानतात. तारखेबद्दल मतभेदही आहेत. हा मान दीर्घकाळ श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या पायाशी कोरलेल्या ओळीला दिला जात असे. लेखात दानाची नोंद आहे आणि ते मोडणाऱ्याला शाप आहे. आजोबांनी चष्मा पुसून तो दगड बराच वेळ पाहिला.

चौलमध्ये शिरल्यावर बंदर कोठे आहे, असा प्रश्न सर्वांनाच पडतो. दिसतात त्या वाड्या, तळी, देवळे. रामेश्वराच्या मंदिरात फरशीखाली कुंडे आहेत आणि पाऊस लांबला की त्यांतले पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा आहे. पण हेच ते चेमुल, ज्याचे नाव कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत येते. ग्रीक-रोमन लेखकांनी ज्याला सिमिल्ला म्हटले. जेथे दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी येऊन गेला. दीड हजार वर्षे येथे माल उतरत होता.

त्या येणाऱ्यांपैकी एक माणूस व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितिन पंधराव्या शतकात माल घेऊन व्होल्गा नदीने निघाला. वाटेत लूट झाली. मालाचे देणे डोक्यावर, रिकाम्या हाताने घरी जाता येईना. इराण, होर्मुझ असे करत, एक घोडा घेऊन तो १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. दक्षिणेत घोड्यांना भाव आहे असे त्याने ऐकले होते. जुन्नरला तेथल्या सुभेदाराने घोडाच काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे सुनावले. एका ओळखीच्या माणसाच्या मध्यस्थीने तो सुटला. शेवटी घोडा बिदरला विकला. त्याने आपल्या टिपणात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, की येथे आपल्या देशासाठी पुष्कळ माल मिळेल असे सांगणाऱ्यांनी त्याला फसवले. मिरे आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आणि समुद्रात चोर. परतताना घरी पोचण्यापूर्वीच तो वारला. वही तेवढी पोचली. त्याच्या प्रवासावर १९५७ साली ‘परदेसी’ हा हिंदी-रशियन चित्रपट निघाला होता. आजींनी तो पाहिला होता आणि त्यांना त्यातली नर्गिस आठवत होती.

“सगळे बुडाले, तरी लिहीत राहिला,” आजोबा म्हणाले. नातू काही बोलला नाही.

रेवदंड्याला रस्ताच पोर्तुगीज कोटाच्या दरवाजातून जातो. तटाच्या आत आता पोफळीच्या बागा आहेत आणि पडक्या देवळाचा उंच मनोरा झाडांवर डोके काढतो. लोक त्याला सातखणी म्हणतात, जरी खण आता तितके उरलेले नाहीत. तटावरून कुंडलिकेचे मुख आणि पलीकडचा कोर्लईचा डोंगर दिसतो. त्या गावातील काही शेकडो ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजातून उपजलेली एक बोली अजून बोलली जाते. राज्य १७४० साली गेले, बोली राहिली.

एका बागाईतदाराने तटाखालच्या गाळाकडे हात दाखवला. गलबते तिकडे लागत. खाडी गाळाने भरत गेली, सत्ता बदलली आणि उत्तरेला मुंबई उभी राहू लागली. चौलचे रेशमी कापड नावाजलेले होते; सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवताना येथल्या विणकरांना तिकडे बोलावून वसवले. आजोबांनी हे लक्षपूर्वक ऐकले. कापडाचा धंदा ज्या बाजारात त्यांनी साठ वर्षे केला, त्याची काही मुळे या गाळात होती, हे त्यांना ठाऊक नव्हते.

“माग घेऊन गेले की ठेवून?” त्यांनी विचारले.

बागाईतदाराला ते सांगता आले नाही. त्याने पाच किलो सुपारी मात्र चांगली निवडून दिली.

सहाच्या आत वाडीवर पोचून जेवणे झाली. चतुर्थीला दुपारी मांडव्याहून परतीची बोट. वरच्या मजल्यावर मुले समुद्रपक्ष्यांकडे पाहत होती. आजोबांनी थोरल्या नातवाला शेजारी बसवले आणि भिवंडीच्या जागेचे भाडे विचारले. मग हमाली, गाडीभाडे, विजेचे बिल. नातू आकडे सांगत गेला, आजोबा खिशातल्या डायरीत मांडत गेले. गादी विकायची नाही. माल भिवंडीला जाईल, बाजारातली अर्धी जागा भाड्याने द्यायची आणि होळीला पुन्हा हिशेब पाहायचा, एवढे धक्का येईपर्यंत ठरले. नातवाला अर्धेच मिळाले होते, आजोबांनीही अर्धेच सोडले होते.

लाभपंचमीला सकाळी दुकान उघडले. आजोबांनी या वर्षी वही नातवाच्या पुढे सरकवली. पहिली नोंद सुपारीची झाली, पाच किलो, रेवदंडा, रोख.