विमा किती घ्यायचा?

बोटीच्या सहलीला निघायचं म्हटलं की आधी बॅगा भरायची घाई होते ना? आमच्या घरी मात्र सिंगापूरच्या क्रूझआधी हिशेबच रंगला : प्रवासाचा विमा किती रकमेचा घ्यायचा?

मी कागदावर दोन रकाने आखले. पहिल्यात, जे गेलं तर हळहळू पण निभावून नेऊ : हरवलेली बॅग, हुकलेली एखादी सहल. दुसऱ्यात, जे आपल्याला पेलणारच नाही. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं भरावं लागतं. दुखणं मोठं असेल तर परक्या बंदरातलं इस्पितळ गाठावं लागतं, कधी हेलिकॉप्टरने!

समुद्राचा काय भरवसा? २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेजवळ ‘व्हायकिंग स्काय’ बोटीची इंजिनं वादळात बंद पडली. बोटीवर १३७३ माणसं होती. त्यांतल्या ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलून आणावं लागलं.

म्हणून बॅगेची रक्कम आम्ही कमी ठेवली, उपचार आणि सुटकेची वाढवली. बोटीवरचे उपचार पॉलिसीत धरले आहेत ना, तेही वाचून घेतलं. माझ्या आईला मधुमेह आहे. तो अर्जात लिहिल्यावर हप्ता वाढला.

“माझ्यापायी एवढा खर्च!” आई पुटपुटली. पण आजार लपवला, तर ऐनवेळी कंपनी पैसे नाकारू शकते. मग त्या विम्याचा उपयोग काय?

तुमच्याकडे सहल ठरली, की आईबाबांना जरूर विचारा : आपल्याला न पेलणारं काय आहे? आधी त्याचा विमा!