आयत्या चकोल्या

तीस वर्षे बांधावर उभा राहून शेतकऱ्यांना ‘हे करा, ते करा’ सांगितले. पण घरातली हिंगाची डबी कुठे असते, ते मला ठाऊक नव्हते. गेल्या पावसाळ्यात सौ. तापाने आजारी पडली. संध्याकाळी म्हणाली, “हलके काही खावेसे वाटते. चकोल्या जमतील?”

आपल्याकडे कुणी त्यांना वरणफळेही म्हणतात. ती अंथरुणातून सांगत गेली, मी करत गेलो. वाटीभर तूरडाळ शिजवून घोटली. दोन वाट्या कणीक मीठ, हळद, ओवा घालून घट्ट भिजवली. लसूण-हिंगाच्या फोडणीत वरण पातळ करून आमसूल, गूळ टाकला. पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून सगळे एकदम सोडले. झाला गोळा! “एकेक सोडा, उकळी मोडू देऊ नका,” आतून आवाज आला. दुसरी पोळी तशी सोडली. दहा-बारा मिनिटांत शिजली.

वर तूप घालून वाडगा तिच्या हाती दिला. दोन घास खाऊन ती म्हणाली, “लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. तुमच्या हातचे आयते आजच खाल्ले हो.”

घास माझ्याच घशात अडकला. मंडळी, रानातून दोघेही सारखेच दमून येतात. आठवड्यातून एक रात्र चकोल्या तुम्ही करा. त्यासाठी तिच्या आजारपणाची वाट पाहू नका.