वाळवंट पाहिलं आणि विहीर वाचली

आमच्या उज्जैनच्या वाड्यातली विहीर बुजवायची, असं मागच्या पावसाळ्यात घरात ठरलं होतं. नळ आल्यापासून तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं आणि दुचाक्या लावायला जागा हवी होती. विरोध एकट्या आजीचा. डिसेंबरात सगळे जैसलमेरला निघालो, तेव्हाही तो विषय अर्धवटच राहिला होता.

जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. संध्याकाळी तिथे जीपगाड्या आणि गाण्यांचा नुसता गोंगाट असतो. म्हणून आम्ही भल्या पहाटे गेलो. वाळू थंडगार होती. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा उतार लांब आणि सोपा, पलीकडचा एकदम खडा. मी पलीकडून चढायला गेले आणि दोन पावलं वर, एक खाली अशी माझी फजिती झाली. आजी मात्र उंटावर ऐटीत बसली होती!

"उज्जैनचे का?" उंटवाल्याने विचारलं. "आमच्याकडे पाऊस चुकला की आमचे लोक मेंढ्या घेऊन तुमच्या माळव्यातच येतात."

लाल पागोट्यांचे मेंढपाळ आणि त्यांचे उंट मी लहानपणापासून आमच्या रस्त्यांवर पाहिलेत. गाडी अडली म्हणून हॉर्नही वाजवलाय. ते कुठून आणि का येतात, हे त्या दिवशी कळलं.

उज्जैनला वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, जैसलमेरला जेमतेम २००. तरी माणसं इथे शतकानुशतकं राहिली, ती कशी? वाटेत आम्ही 'खडीन' पाहिलं. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खालच्या सखल शेतात मातीचा लांब बांध घालून अडवायचं. ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवरच हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल ब्राह्मणांनी हे तंत्र इथे रुजवलं. त्यांचं कुलधरा गाव आज ओसाड आहे. दिवाणाच्या जुलमामुळे ते एका रात्रीत गाव सोडून गेले, अशी कथा सांगतात. आटत गेलेलं पाणी हेही एक कारण अभ्यासक सांगतात.

इथल्या अरुंद 'कुई'बद्दल मी आधी वाचलं होतं, अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात. (मिश्रजींचा जन्म आपल्या वर्ध्याचा, बरं का!) जमिनीखाली खडियाचा थर असतो. त्यामुळे पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूत अडकलेली ती ओल थेंबाथेंबाने कुईत झिरपते. दिवसाला दोन-चार घडे, पण गोडं पाणी.

रात्री केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाताना आजी एकदम म्हणाली, "देवासला आम्ही आगगाडीतून आलेलं पाणी प्यायलोय."

ते साल १९९०. देवास आमच्यापासून तासाभरावर. पावलोपावली पाणी अशी ज्याची ख्याती, त्या माळव्यात इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आजी तेव्हा देवासला राहायची. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून गाडी गेली, ती आपण टीव्हीवर पाहिली. त्याच वर्षी आमच्या सिंहस्थात क्षिप्रेला नर्मदेचं पाणी पंपाने चढवून आणलेलं होतं. वाळवंटाने थेंब राखले. आम्ही नदी असून ती आटू दिली.

बाबा काही बोलले नाहीत. पण परत आल्यावर त्यांनी विहिरीचं गंजलेलं झाकण काढलं. तळाशी प्लास्टिक, फुटक्या कुंड्या, माझा हरवलेला चेंडू आणि चक्क थोडं पाणी! गाळ काढायला चार दिवस लागले. आता गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप गाळणीतून विहिरीत सोडलाय.

दुचाक्या अजून गल्लीतच उभ्या असतात. त्यावरून दादाची कुरकुर चालू आहे. आजी मात्र रोज सकाळी विहिरीत डोकावते आणि पाणी किती पायऱ्यांवर आलं ते सगळ्यांना सांगते.