अंतरांवरून आकार

कोणते गाव कोणापासून किती कोसांवर आहे एवढेच ठाऊक असेल, तर त्यावरून नकाशा काढता येईल काय? झुरिक येथील शास्त्रज्ञ कुर्ट व्युथ्रिख यांच्यापुढे प्रथिनाच्या रेणूविषयी असाच प्रश्न होता. चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने कोणते हायड्रोजन अणू एकमेकांच्या निकट, सुमारे ५ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत, हे कळे. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग! बाकीची अंतरे अज्ञातच.

टिमथी हॅवेल यांच्यासह त्यांनी १९८४ साली ‘डिसजिओ’ ही संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. सेमिनरीत जाण्यापूर्वी शिकलेली भूमिती मला तिच्यात पुन्हा भेटली. त्रिकोणाची एक बाजू इतर दोहोंच्या बेरजेहून मोठी नसते, या नियमाने ती अज्ञात अंतरांना मर्यादा घालते आणि त्या मर्यादांत बसणाऱ्या अनेक आकृत्या रचते. सर्व आकृत्या जिथे जुळतात, तो भाग विश्वसनीय. जिथे त्या विखुरतात, तिथे माहिती तरी अपुरी असते किंवा रेणूच चंचल असतो. आपल्या ज्ञानाची सीमा उघड दाखविणारा हा प्रामाणिकपणा मला भावतो.

तरीही अशा रीतीने काढलेल्या पहिल्या प्रथिनरचनेवर अनेकांचा विश्वास बसेना. तेव्हा टेंडामिस्टॅट या प्रथिनाची रचना व्युथ्रिख यांच्या गटाने अशाच मोजलेल्या अंतरांवरून आणि जर्मनीतील रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने स्फटिकावर क्ष-किरण सोडून, परस्परांपासून स्वतंत्रपणे शोधली. १९८६ साली दोन्ही उत्तरे प्रसिद्ध झाली आणि ती जुळली. २००२ साली व्युथ्रिख नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

शंका घेणाऱ्यांचेही यात ऋण आहे. त्यांच्यामुळेच एका सत्यापर्यंत दोन वाटा पोहोचल्या.