मोजणारें चाक

आपण किती श्रम केले हें मनुष्यास बहुधा सांगतां येतें. त्या श्रमांनीं आपण किती पुढें आलों हें सांगणें मात्र त्याला जड जातें. या दोन्ही गोष्टी एकच आहेत अशा समजुतीवर जगाचा बराचसा व्यवहार चालतो, आणि ती समजूत इतकी सोयीची आहे कीं तिची परीक्षा घेण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. आम्हांस ती परीक्षा पाहावयास मिळाली आमच्या विद्यार्थ्यांच्या एका यंत्रामुळें, आणि परीक्षक होतें मुठींत मावेल एवढें एक उपकरण.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचा मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाते त्यांस 'रोबोकॉन' हें नांव अपरिचित नसेल. आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील ध्वनिक्षेपण संस्थांच्या संघानें २००२ सालीं टोकियोस ही विद्यार्थ्यांची यंत्रस्पर्धा सुरू केली. यजमान देशानें नवें कोडें घालावयाचें आणि विद्यार्थ्यांनीं स्वतः बांधलेल्या यंत्रांनीं तें सोडवावयाचें, असा तिचा शिरस्ता आहे. २००८ सालीं हा मेळा पुण्यास भरला तेव्हां आपल्या दहीहंडीवरून कोडें रचलें होतें; यंत्रांनीं मडक्यांतील लोणी पळवावयाचें! २०१४ सालीं तो पुन्हां पुण्यास आला. त्या वेळीं आईबापाच्या भूमिकेंतील यंत्रानें लेंकराच्या भूमिकेंतील यंत्रास सीसॉवर बसवावयाचें आणि झोक्यावर झुलवावयाचें होतें.

अशा यंत्रास डोळे असतातच असें नाहीं. अंधारांत पावलें मोजीत माजघरांतून ओसरीवर येणाऱ्या मनुष्याप्रमाणें तें आपल्या चाकांचे फेरे मोजून आपला ठिकाणा ओळखतें. ही मोजणी करणाऱ्या उपकरणास एन्कोडर म्हणतात. आंत एक चकती असते व तिच्या कडेला बारीक फटी असतात. एका बाजूस दिवा, दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारे दोन टिपक. हे दोन टिपक किंचित् पुढेंमागें बसविलेले असल्यामुळें, कोणास आधीं प्रकाश दिसला यावरून चकती सुलट फिरली कीं उलट हें समजतें. प्रत्येक फटीचा आरंभ व शेवट दोघांनींही नोंदविला म्हणजे ६०० फटींच्या चकतींतून एका फेऱ्याचे २४०० भाग मोजतां येतात. चाकाचा व्यास ५८ मिलिमीटर धरला तर परीघ सुमारें १८२ मिलिमीटर होतो. अर्थात् एका मिलिमीटरचा तेरावा हिस्साही या उपकरणाच्या नजरेंतून सुटत नाहीं.

इतक्या सूक्ष्म उपकरणानें आमच्या विद्यार्थ्यांत कलह लावला. त्यांनीं एन्कोडर मोटारीच्या शाफ्टावरच बसविला होता. यंत्रास चार मीटर जाण्याची आज्ञा झाली. पडद्यावर बरोबर चार मीटर उमटले. आणि यंत्र खुणेच्या वीतभर अलीकडे, तोंड किंचित् फिरवून उभें! आज्ञावली लिहिणारी मुलगी तिसऱ्या वर्षांत शिकत होती. यंत्र बांधणाऱ्या पक्षानें तिचा हिशेब चुकला असा निकाल देऊन टाकला, आणि चार महिन्यांचें तिचें काम बाजूस सारून नवा मनुष्य नेमण्याची भाषा सुरू झाली. ती एवढेंच म्हणे, "चाक घसरतंय, सर. मी फेरे मोजते, अंतर नाही."

तिचें म्हणणें खरें होतें. सुरुवातीच्या हिसक्यास चाक जागच्या जागीं फिरे, आणि एन्कोडर त्या व्यर्थ फिरण्याचीही मोठ्या इमानानें नोंद करी. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं अंतर मोजणाऱ्या रथाचें वर्णन केलें आहे. चाकाचे चारशें फेरे म्हणजे एक रोमन मैल झाला कीं भांड्यांत एक खडा पडून आवाज होई. त्या रथास आमच्या मुलांची अडचण नव्हती, कारण रथ घोडा ओढी आणि चाक नुसतें मागून येई. ओढण्याचें काम चाकाकडेच आलें, तेव्हांपासून त्याची साक्ष संशयित झाली.

उपाय उघड होता: न ओढणारें एक वेगळें चाक. परंतु तें बसवावयाचें कसें हें पाठ्यपुस्तकांत सहसा सांपडत नाहीं, म्हणून मुलांस घेऊन आम्ही जालना रस्त्यावरील शेंद्र्यास गेलों. २००१ सालीं तेथें स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. आज त्या वसाहतींत मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्यानें सुटे भाग करणारीं लहान वर्कशॉपेंही आहेत. अशाच एका वर्कशॉपांतील वयस्क टर्नर मुलांनीं केलेला ब्रॅकेट हातांत घेऊन हंसला. "एवढं कशाला आवळलं, पोरांनो? यानं काय वझं उचलायचंय?"

मग त्यानें जें समजाविलें त्यास आम्ही एक उत्तम व्याख्यान म्हणूं. एन्कोडर चारी बाजूंनीं घट्ट आवळला आणि शाफ्ट केसभर वांकडा असला, तर प्रत्येक फेऱ्यास बेअरिंगवर जोर येऊन तें झिजतें. म्हणून त्याचें अंग फिरूं नये एवढ्यापुरतें धरावें, बाकी मोकळें सोडावें. चाकाचें ओझें चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगांनीं सोसावें आणि एन्कोडरशीं गांठ लवचीक कपलिंगानें घालावी. चाक बिजागरीवर टांगून वरून स्प्रिंग द्यावी. ती फार कडक असली तर यंत्राचा भार मोजणाऱ्या चाकावर येऊन ओढणारीं चाकें हलकीं पडतात. फार सैल असली तर मोजणारें चाक उड्या मारतें. दिशेच्या बाबतींत मात्र ढिलाई चालत नाहीं. चाक पांच अंशांनीं तिरकें बसलें, तर यंत्र एक मीटर बाजूस सरकलें असतां तें ८७ मिलिमीटर पुढें गेल्याची ग्वाही देतें! "आकडा कोण वाचतं तुमच्यात?" असें विचारून त्यानें डायल गेज त्या मुलीच्या हातीं दिलें, आणि कांटा स्थिर होईपर्यंत तिच्याकडून चाक फिरवून घेतलें.

नव्या चाकानें पहिल्याच फेरींत यंत्र वीतभर कमी चाललें असें स्वच्छ सांगितलें. अंतर सुधारलें नव्हतें. खोटी साक्ष मात्र संपली होती. पुढचें काम आज्ञावलीचें. दुसऱ्या दिवशीं यंत्र खुणेपासून बोटभराच्या आंत थांबूं लागलें, आणि ज्या मुलानें नवा मनुष्य नेमण्याची भाषा केली होती त्यानें त्या मुलीपुढें निमूटपणें चहाचा पेला आणून ठेवला. आमच्या विद्यार्थ्यांत क्षमायाचनेची हीच रूढ पद्धत आहे.

किती तास झाले, किती प्रकरणें संपलीं, किती उत्तरपत्रिका तपासल्या, याची नोंद शिक्षणाच्या धंद्यांत फार काळजीपूर्वक ठेवली जाते; परंतु हे सारे मोटारीच्या शाफ्टावरचे आंकडे होत. विद्यार्थी जमिनीवरून किती पुढें सरकला हें सांगणारें चाक वेगळें असावें लागतें. तें जमिनीस टेकलेलें हवें, आणि ओढण्याच्या श्रेयांत त्याचा वांटा नसावा.

पूर्वीं पुष्कळ घरांत असें एखादें चाक असे. मिळवत्या माणसांच्या लेखीं कामांतून गेलेली आजी सायंकाळीं नातवास जवळ घेई आणि त्याला किती गुण मिळाले हें न विचारतां "आज तुला नवीन काय कळलं रे?" असें विचारी. संसाराचा गाडा ओढण्याचें काम तिच्याकडे राहिलें नव्हतें, म्हणूनच तिचा प्रश्न नेमका जमिनीस टेके. ज्या घरीं अशी आजी अद्याप आहे त्यांनीं तिला फार आवळूं नये, आणि फार सैलही सोडूं नये.